कमानीपासून दुकानापर्यंत

आमच्या गावात कोणी फुकट काही दिलं की लोक आधी विचारतात, निवडणूक कधी आहे? देवळाला घंटा दिली, निवडणूक. भजनी मंडळाला टाळ दिले, निवडणूक. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लावला तर विचारायलाच नको. म्हणून भाऊंनी जिल्हा परिषदेच्या शाळेला कमान बांधून द्यायचं जाहीर केलं, तेव्हा अख्ख्या गावानं डोकं एकाच दिशेनं चालवलं. माझंही त्याच दिशेनं चाललं. भाऊ म्हणजे आमच्याकडचे कापसाचे व्यापारी, सगळ्यांच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसणारे आणि कुणाच्याही मयतीला सगळ्यात आधी हजर होणारे. असा माणूस जिल्हा परिषदेला उभा राहणार नाही तर कोण राहणार?

माझी पिठाची गिरणी शाळेच्या गल्लीत आहे. परतूरच्या बाजूचं आमचं गाव, फार मोठं नाही, पण दळणाला येणाऱ्या बायकांच्या तोंडून सगळं गाव दिवसातून एकदा माझ्या ओट्यावरून जातं. त्या दिवसांत डबा ठेवायच्या आधीच बायका म्हणायच्या, "ऐकलं का, भाऊ उभं राहून राह्यले." कुणाची मतं फुटतील, कुणाची जुळतील, याचा हिशेब ज्वारी दळून होईपर्यंत पूर्ण व्हायचा. कमान बांधून झाली. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट, वर भाऊंच्या वडिलांचं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. कमान बांधली ती मोठ्या रस्त्याच्या बाजूला. आमच्या गल्लीत शाळेचं जे जुनं लोखंडी फाटक होतं ते काढलं आणि तिथे विटांची भिंत घातली. गल्लीतून ट्रॅक्टर जातात, लेकरांच्या जिवाला धोका नको, असं कारण सांगितलं. उद्घाटनाला भाऊंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, पेढे वाटले. लेकरांची एवढी काळजी करणारा माणूस गावात आहे म्हणून हेडमास्तरांचे डोळे भरून आले.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या जिवावर बेतलेलं होतं.

आमच्या ह्यांनी तेव्हा दारू सोडलेली होती. आधी काय होतं ते उगाळत बसत नाही. एवढंच सांगते, की गिरणीचे दगड झिजले की ते टाकावे लागतात, म्हणजे छिन्नीनं बारीक बारीक ठोकून पुन्हा खरखरीत करावे लागतात. ते काम हे लग्नाच्या वेळी झोकात करायचे. मग हात इतका थरथरायला लागला की आम्हाला बाहेरून माणूस बोलवावा लागायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी एकदा स्पष्ट सांगितलं, आता पुन्हा प्याल तर मला दाखवायला आणू नका. त्यानंतर सुटली. सुटली म्हणजे आपोआप नाही. दात घासावेत तशी ती त्यांनी रोज सोडली, आजही सोडतात. ज्या दिवशी त्यांनी पुन्हा छिन्नी हातात घेतली आणि दगड एकसारखा टाकला, त्या दिवशीचं पीठ मी वेगळं काढून त्याचे दिवे केले होते.

पण त्या सुटण्याचा एक नकाशा होता, तो फक्त मला ठाऊक होता. परतूरला जाताना हे तिथल्या स्टँडवर कधी उतरत नाहीत. स्टँडशेजारी देशी दारूचं दुकान आहे. कंडक्टरला सांगून आधीच्या फाट्यावर उतरतात, आडवाटेनं पायी बाजारात जातात आणि येतानाही फाट्यावरूनच गाडी धरतात. लग्नाला जातात, अक्षता टाकतात, आणि वरातीची तयारी दिसली की जेवण अर्धं सोडून निघतात. एकदा मी चिडून विचारलं होतं, एवढं काय भ्यायचं? तर म्हणाले, "बाटलीचं काही न्हाई गं. तो वास आला की पाय आपोआप वळतेत. मला इचारीत न्हाईत." आमच्या शेताला जायचा रस्ता मात्र शाळेच्या गल्लीतून होता. तो स्वच्छ होता. लेकरांचा गलका, शेंगदाण्याच्या चिक्कीची एक टपरी, पुढे भाऊंचं कापसाचं जुनं गोदाम, मग रान. गावात हा एकच रस्ता होता जिथे हे मान वर करून चालायचे.

ग्रामसभेत शेवटी एक मजेशीर गोष्ट असते. तिला म्हणतात अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. आधी रस्ता, नाल्या, घरकुलं यावर घसा कोरडा होईपर्यंत भांडणं होतात. ऊन कलतं, धारा काढायची वेळ होते, बायका पदर खोचून घराकडे निघतात. आणि मग ऐनवेळचा विषय येतो. ज्याला गावाला काही कळू द्यायचं नाही तो विषय ऐनवेळी येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी थांबले होते ते आमच्या गल्लीतल्या नळाबद्दल विचारायला. सरपंच बाई घरी होत्या, त्यांचे मालक खुर्चीत होते. ग्रामसेवकानं मान खाली घालून इतक्या भरभर वाचलं की जणू वाघ मागे लागलाय. कुणाच्या तरी नावावरचं, दुसऱ्या गावातलं देशी दारूचं दुकान आमच्या गावात स्थलांतरित करण्यास ग्रामसभेची हरकत नाही. कुठे? तर गट नंबर अमुक. तो गट नंबर म्हणजे भाऊंचं गोदाम. ते 'कुणीतरी' म्हणजे भाऊंचे मेहुणे.

मी उभी राहिले. आवाज माझा गिरणीवर तयार झालेला आहे, पट्टा चालू असताना मी ओट्यावरून रस्त्यापलीकडच्या बाईशी बोलू शकते. मी म्हणाले, "शाळेजवळ दुकान? लाज कशी वाटंना? इथं बायका किती बसल्यात ते मोजा आधी, मंग ठराव लिहा." खुर्चीतल्या मालकांनी हसून सांगितलं, "वहिनी, शाळेपासून नियमाप्रमाणं लांब हाय. साहेब येऊन मोजणार हायेत. तुमची हरकत आपण लिहून घेऊ." आणि ठरावाच्या खाली माझी एकटीची हरकत लिहून घेतली. इतकं सौजन्य मला त्या चावडीत कधी मिळालं नव्हतं, म्हणूनच मला भीती वाटली.

साहेब आले. उत्पादन शुल्क खात्याची गाडी, दोन माणसं, गुंडाळीचा लांब टेप. साहेब वाईट माणूस नव्हता, हाच तर खरा वैताग. तो उद्धट असता तर मला बरं पडलं असतं. त्यानं पाणी मागून घेतलं, मला 'बाई' म्हणाला, आणि मग कमानीखाली जाऊन उभा राहिला. टेप कमानीच्या मधोमध धरला. तिथून मोठ्या रस्त्यानं, एसटीच्या थांब्यावरून, किराणा दुकानाच्या कोपऱ्यावरून वळून, आमच्या गल्लीत, माझ्या गिरणीसमोरून गोदामापर्यंत. दर वेळी टेप संपला की खडूची खूण, पुन्हा पुढे. मागे लेकरांची मिरवणूक. मी ओट्यावर उभी राहून पाहत होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडत होता. शाळा जागची हलली नव्हती. गोदाम जागचं हललं नव्हतं. गोदामाच्या दारातून खडा मारला तर अजूनही शाळेच्या भिंतीला लागत होता. आणि तरी त्या दोघांतलं अंतर वाढलं होतं. दारापासून दारापर्यंत, पायी जायच्या रस्त्यानं मोजायचं असा नियम आहे म्हणे. दारच उचलून पलीकडे नेलं तर?

कमान निवडणुकीची नव्हती. आम्ही सगळे मतं मोजत बसलो आणि भाऊ मीटर मोजत होते.

मी ओट्यावरून उतरले आणि साहेबाला विटांच्या भिंतीपाशी नेलं. "साहेब, हे दार आत्ता आत्ता बुजवलंय. गिलाव्याचा रंग पाहा."

"बाई, दार आज कुठं आहे ते आम्ही पाहतो. काल कुठं होतं ते आमच्या कामात येत नाही."

"मंग माझ्या गिरणीपासून मोजा."

"गिरणी त्यात बसत नाही."

"दिवसभर बायका असतेत इथं. पोरी दळण घेऊन येतेत."

"कळतंय मला," तो म्हणाला. "पण शाळा, देऊळ, मशीद असं असतं. गिरणी नसते."

त्याला कळत होतं. कळणाऱ्या माणसाचं मला काय करायचं होतं?

मग गोदामासमोर पंच बसले. पंच कोण, तर भाऊंच्या चहावर वाढलेली माणसं. साहेबानं कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, की या दुकानामुळे गावात कुणाला काही त्रास होईल का? पंच म्हणाले, न्हाई, काही न्हाई. उलट लोक परतूरला जातेत, येताना अपघात होतेत, इथं झालं तर जिवाची काळजी मिटल. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, बायकांना त्रास होईल, पोरींना होईल, घरं बसतील. साहेब म्हणाला, "सगळेच असं मोघम सांगतात, बाई. नेमका कुणाला, काय त्रास होईल, ते सांगा. एक माणूस तरी दाखवा."

मला एक माणूस ठाऊक होता. पण त्याचं नाव घ्यायचा हक्क मला नव्हता.

तेवढ्यात आमचे हे पुढे झाले. शेतातून येत होते, खांद्यावर टॉवेल, पायाला माती. म्हणाले, "मी हाय की. मला होईल."

सगळे वळून बघायला लागले.

"मी दारू प्यायचो, साहेब. गावाला ठाऊक हाय. आता सोडली. माझ्या शेताचा रस्ता हाच, दुसरा न्हाई. रोज जाता-येता ह्या दारावरून जायचं म्हणजे एखाद्या दिवशी मी आत जाईन. मी सोताला ओळखतो. मंग माझं काही खरं न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दारू हा शब्द ह्यांनी माझ्यासमोरही कधी उच्चारला नव्हता. 'ते' म्हणायचे. 'ते सुटलं', 'त्या वेळी'. आणि तो माणूस भर गल्लीत, पंचांसमोर, शाळेच्या लेकरांसमोर स्वतःची अब्रू स्वतःच्या हातानं काढून साहेबाच्या पुढ्यात ठेवत होता. मला वाटलं, आता तरी कुणाची मान खाली जाईल. तर मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. भाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, मंग तू मन घट कर की. तुझ्या एकट्याच्या जिभेपायी गावानं कामधंदा करायचा न्हाई का?"

मी भाऊंना काय म्हणाले ते छापता येणार नाही. सासूबाई असत्या तर माझ्या तोंडात मारली असती, किंवा शेजारी उभ्या राहून दोन शिव्या वाढवल्या असत्या.

साहेबानं लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. एका ग्रामस्थाची वैयक्तिक स्वरूपाची हरकत. सार्वजनिक स्वरूपाचा त्रास आढळून येत नाही.

वैयक्तिक. मला तो शब्द आजही टोचतो. माझी चूल वैयक्तिक, माझ्या कपाळाची टिकली वैयक्तिक, ह्यांचं काळीज वैयक्तिक, आणि भाऊंच्या मेहुण्याचा गल्ला तेवढा सार्वजनिक! गाव म्हणजे काय असतं मग? अशी वैयक्तिक घरंच एकाला एक लागून उभी असतात ना? नेमका माणूस दाखवा म्हणता आणि माणूस उभा राहिला की म्हणता हा तर एकटाच आहे.

गप्प बसणारी मी नव्हे. आधी चार आयांना घेऊन हेडमास्तरांकडे गेले, म्हटलं जुनं फाटक पुन्हा उघडा, की अंतर आपोआप जागेवर येतंय. ते खुर्चीतच आक्रसले. म्हणाले, "असं केलं तर दात्याचा अपमान होईल." मग दुकानाला परवाना मिळाला, तशी मी आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करायला निघाले. उभी बाटली की आडवी बाटली असं बायकांचं मतदान घेता येतं, आडवी जिंकली की दुकान बंद, हे आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते मतदान मागायलाही आधी सह्या लागतात. बायका माझ्या ओट्यावर तावातावानं बोलायच्या, आणि पेन पुढे केलं की म्हणायच्या, "मालकाला इचारून सांगते." मालक संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. पण ज्या घरात संध्याकाळी मार खायचा असतो त्या घरातल्या बाईला मी काय सांगणार? सह्या पुरल्या नाहीत.

दुकान उघडलं. हिरवा रंग, वर दिवे, बाहेर भज्यांची गाडी. ज्या रस्त्यानं हे मान वर करून जायचे तो रस्ता आठवड्याभरात आंबूस वासाला लागला. पहिले काही दिवस मी सोबत जायचे, गिरणी बंद ठेवून. हे नाकाला टॉवेल लावून दुसऱ्या कडेनं चालायचे, आणि माझा हात इतका घट्ट धरायचे की बांगड्या रुतायच्या. मला गिरणी कायमची बंद ठेवता येणार नव्हती.

शेजारच्या खालानं हे सगळं पाहिलं. आमच्या भिंतीला भिंत लागून खालाचं घर, मुलं जालन्याला सळईच्या कारखान्यात, घरात दोन सुना. तिच्या मागच्या अंगणाचं दार ओढ्याकडे उघडतं आणि ओढ्याच्या काठानं आमच्या रानात जाता येतं. एक दिवस दळण न्यायला आली आणि म्हणाली, "बेटी, उनकू बोल, हमारे आंगन में से जाव. दरवाजा कायकू है?"

मी म्हटलं, "खाला, सुना आहेत घरात."

"सुना हैं तो क्या हुआ? खकारके आना बोल. पदर ले लेंगे."

तेव्हापासून हे सकाळ-संध्याकाळ खालाच्या घरातून जातात. उंबऱ्याशी खाकरतात, सुना पदर घेतात, हे नजर खाली घालून चुलीजवळून, कोंबड्यांमधून मागच्या दारानं बाहेर पडतात. खाला कधीकधी भाकरीचा तुकडा हातावर ठेवते. तिचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. आणि तरी रोज त्यांना तसं जाताना पाहिलं की माझं डोकं फिरतं. बरा झालेला माणूस चोरासारखा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून जातो आणि त्याला पाडायला बसलेलं दुकान भर गल्लीत दिवे लावून बसतं.

मी तक्रारी करत राहिले. त्यामुळे परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी साहेबाला पुन्हा चौकशीला यावं लागलं. तोच साहेब, तोच आदबशीर आवाज. दुकानासमोरच खुर्च्या टाकल्या. मी सांगितलं, कुणाची मजुरी घरी येईना, कोणत्या पोरींनी शाळेला जाताना गल्ली सोडली, भज्यांच्या गाडीपाशी काय चालतं. साहेब लिहीत होता. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, मागल्या वेळी हरकत ह्यांचीच होती ना? दुकान झालं तर पुन्हा प्यायला लागंन म्हणून? आता त्यांनाच इचारा. दुकान चालू झाल्यापासून एक तरी थेंब घेतला का?"

साहेबानं विचारलं. आमचे हे खोटं बोलत नाहीत, पीत होते तेव्हाही बोलायचे नाहीत.

"न्हाई," ते म्हणाले.

"एकदाही नाही?"

"न्हाई, साहेब."

भाऊ हसले. चांगलं, मोकळं हसले. पंचांपैकी एकानं ह्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. साहेबानं पेन उचललं आणि म्हणाला, "म्हणजे ज्यांची हरकत होती, त्यांच्यावरही परिणाम झालेला दिसत नाही."

मी ओरडले. खालाच्या अंगणाचं सांगितलं, रुतलेल्या बांगड्यांचं सांगितलं, कंडक्टरला सांगून फाट्यावर उतरणाऱ्या माणसाचं सांगितलं. साहेब ऐकत होता, आणि पेन चालत नव्हतं. त्यातलं काहीच लिहिण्यासारखं नव्हतं. ह्यांनी रोज मरमर करून जे टाळलं, ते टळलं म्हणूनच दुकान निर्दोष ठरलं. गाडी निघून गेली. दुकानाचं शटर वर झालं.

आम्ही घरी निघालो, तेव्हा चार पावलं गेल्यावर हे थांबले. रागावलेले नव्हते. खरोखर हिशेब लागत नसल्यासारखं त्यांनी मला विचारलं, "मी पिऊन पडलो असतो तर बंद झालं असतं का गं हे?"